दाखवलेला डॉल्फिन आणि दिसलेला डॉल्फिन

डॉल्फिन बघायचे तर सिंधुदुर्गातल्या निवतीच्या बंदरावर पहाटे साडेपाचला पोचायचं आणि सहाला होडी पाण्यात घालायची. त्याहून उशीर झाला तर निम्मी सफर वाया गेलीच म्हणून समजा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटेपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहत असतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी थाळीत ओतलेल्या तेलासारखं पडून असतं. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापते, वारा उलटा फिरतो आणि लाटांच्या माथ्यावर फेसाचे पांढरे ठिपके उठायला लागतात. मग प्रत्येक ठिपका डॉल्फिनच्या पाठीवरचा पर वाटतो आणि खरा पर ठिपक्यांत हरवतो. उन्हाचंही तेच. आपल्या किनाऱ्यावर सकाळचं ऊन जमिनीकडून, म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्याच्या पाठीवर येतं. दुपारनंतर तेच ऊन समोरून पाण्यावर आपटून डोळ्यांत घुसतं आणि पुढ्यातला पक्षी नुसता काळा दिसतो. तरीही डॉल्फिन सफरींची सगळ्यात जास्त गर्दी नऊ ते अकरामध्ये असते, कारण हॉटेलातला नाश्ता साडेआठला मिळतो.

घड्याळाइतकंच पंचांगही लागतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, ही कोकणातली जुनी रीत अजून चालते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, म्हणून छापील कोष्टकही बघावं. पण तिथी माहीत असली की मोबाइलला रेंज नसतानाही अडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, अष्टमीच्या भांगात ते संथ असतं. पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत.

हा हिशोब सगळ्यात जास्त लागतो तो खाडीच्या तोंडाशी. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झालेलं आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाटा आत येत असल्या की त्या आखूड होतात, उभ्या राहतात आणि उथळावर फुटतात. सपाट बुडाची होडी अशा वेळी आडवी पडली तर उलटू शकते. म्हणून तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, भरतीच्या पाण्यावर आत-बाहेर करतो, आणि तो 'थांबा' म्हणाला तर थांबायचं. त्याच्याशी वाद घालून वाचवलेला अर्धा तास कुणाच्या कामाचा नाही. 'वारो सुटलो की परतूया' हे निघतानाच ठरलेलं असावं.

होडी ठरवताना पैशांचं बोलणं कसं होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' असा सौदा कधीही करू नये. ऐकायला तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा वाटतो. पण त्यातून होतं असं, की होडीवाल्याला डॉल्फिन दाखवावेच लागतात. दाखवायचे म्हणजे गाठायचे, आणि गाठायचे म्हणजे पाठलाग. एकाने पर बघितला की चार होड्या तिथे धावतात आणि कळपाला घेरतात. डॉल्फिन खाली जातात, जास्त वेळ खाली राहतात, दिशा बदलून लांब वर येतात, आणि होड्या पुन्हा तिकडे. माणसांना वीस सेकंद पाठी दिसतात आणि त्या प्राण्यांची सकाळची शिकार मोडते. आम्ही होडी तासांवर ठरवतो, तीन किंवा चार तास, दिसो वा न दिसो. तांडेलाला हे पहिल्याच वाक्यात सांगायचं: 'काका, काही दाखवायचं नाही. सांगू तेव्हा इंजिन बंद करायचं, एवढंच.' पहिल्यांदा त्यांना गंमत वाटते. मग ते स्वतःच जास्त काही दाखवतात, कारण समुद्रावरचं त्यांचं लक्ष आपल्या दसपट असतं, फक्त ते आजवर कुणी विचारलेलं नसतं.

होडीत बसण्याआधी चार गोष्टी हाताने तपासाव्यात. लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून, खांद्याकडून वर ओढून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बसायला उशी म्हणून वापरून वापरून अनेक जॅकेटांतला फोम चेपलेला असतो, तसलं बदलून घ्यावं. इंधनाचे तीन भाग समजायचे: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. नांगर आणि त्याचा दोर होडीतच आहे ना, हे विचारावं, कारण इंजिन बंद पडलं तर खडकाकडे वाहत जाण्यापासून वाचवणारी तीच एक वस्तू असते. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीतल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असावा.

बोट लागण्याचं म्हणाल तर उपाशीपोटी जाणं ही पहिली चूक आणि घावन-उसळ चापून जाणं ही दुसरी. वाटीभर पेज, चिमूटभर मीठ, सोबत लोणच्याची फोड, एवढं पुरतं. ज्यांना हमखास बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायचं होडीच्या मध्यावर. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हेलकावा जास्त आणि मागे इंजिनाचा धूर. नजर क्षितिजावर ठेवायची. दुर्बिणीतून सलग बघत राहिलं की धडधाकट माणसालाही गरगरतं.

दुर्बिणीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की जास्त पटीची ती चांगली. जमिनीवर १० पटीची ठीक. हलत्या होडीत तिच्यात हाताचा आणि लाटेचा हेलकावाही दहापट होतो. होडीसाठी ८ × ४२ किंवा ७ × ५० घ्यावी. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते: ७ × ५० ला सुमारे ७, ८ × ४२ ला सव्वापाच. झोत रुंद असला की डोळा थोडा हलला तरी चित्र काळं पडत नाही. कॅमेऱ्याला शटर सेकंदाच्या १६००व्या भागाच्या आसपास ठेवावं. वातानुकूलित खोलीतून काढलेला कॅमेरा बंदरावर उघडला की काचेवर दव धरतं. तो पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्यावा.

आता प्रत्यक्ष बघणं. नाळ म्हणजे बारा, पिछाडी म्हणजे सहा, असं होडीला घड्याळ मानायचं. 'तिकडे, तिकडे' म्हणून बोट दाखवण्याचा उपयोग नसतो, कारण बाकीचे आधी तुमचं बोट शोधतात. 'दोन वाजता, दोनशे मीटर' म्हटलं की सगळ्या माना एकदम वळतात. आर्क्टिकला जाणाऱ्या मोहीम-जहाजांवरही हीच पद्धत चालते. प्रत्येकाने आपला तुकडा वाटून घ्यायचा, पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघायचं, मग दुर्बीण. डोळ्यांनी आधी काय बघायचं? पाण्याचा पोत. सपाट पाण्यात एखादा चट्टा खडबडीत दिसला तर खाली माशांचा थवा असतो. वर सुरय (टर्न) पक्षी घिरट्या घालून सूर मारत असतील तर तो थवा वर ढकलला जातो आहे, बहुधा खालून. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर तिच्या बाहेरच्या अंगाला नजर ठेवावी. कुरव (गल) पक्षी तिथे असतातच, आणि पुष्कळदा डॉल्फिनही.

दिसल्यावर इंजिन एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. आवाजातला अचानक बदलही त्यांना बिचकवतो. कळपाच्या समोरून किंवा पाठीमागून जायचं नाही. त्यांच्या बाजूने, त्यांच्याच दिशेने, त्यांच्यातल्या सगळ्यात मंद पिल्लाच्या चालीने जायचं, शंभर मीटर राखून. ते वळून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला. पंधरा-वीस मिनिटं झाली की आपणच निघायचं, आणि आधीच दोन होड्या असतील तर तिसरी आपली नसावी. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर लांब राहण्याचा कायदाच झाला आहे. तिथे लाखो रुपये भरून गेलेला माणूस अस्वलाचा ठिपका बघून खूश होऊन येतो, आणि तोच माणूस इथे 'अजून जवळ घ्या' म्हणतो. डॉल्फिन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, हे अशा वेळी शांतपणे सांगावं.

किनाऱ्यालगत जो दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. त्याला सिनेमातल्या डॉल्फिनसारखी उडी मारायची हौस कमी. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग शिशाच्या रंगाची पाठ, पाठीवर वशिंडासारखा लांबट उंचवटा, त्या उंचवट्यावर बुटका तिकोनी पर, आणि संथपणे सगळं पुन्हा खाली. अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने असे काही श्वास घेतले की लांब बुडी. घड्याळ लावून बसावं. लोक दुसऱ्याच मिनिटाला 'गेले' म्हणून होडी हलवायला सांगतात आणि पाचव्या मिनिटाला ते होडीच्या मागे वर येतात. फोटो घ्यायचा तर पर काटकोनात असताना. पराच्या मागच्या कडेवरचे खाचखळगे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि त्यावरून अभ्यासक एकेक डॉल्फिन ओळखतात. हसऱ्या चेहऱ्याचा फोटो त्यांच्या काही कामाचा नसतो.

पाठीवर पर नाही, नुसता काळसर टायर पाण्यात फिरल्यासारखा दिसला आणि पुन्हा दिसलाच नाही, तर तो फिनलेस पॉरपॉइज. दीड मीटरभर लांबीचा, अतिशय लाजरा. बरेच जण तो बघतात आणि त्यांना कळतही नाही. खोल पाण्यात गेलं की बॉटलनोज भेटतो, त्याचा पर उंच आणि कोयत्यासारखा मागे वळलेला. देवमाशाची आशा ठेवून निघू नये. पण कुणकेश्वरसमोर २०१५ मध्ये निळा देवमासा नोंदला गेला आहे, त्यामुळे लांबवर उभा फवारा दिसला तर 'लाट असेल' म्हणून सोडूही नये. जानेवारी-फेब्रुवारीत पाण्यावर नारळ तरंगताना दिसला आणि तो फुस्स करून बुडाला तर ते ऑलिव्ह रिडले कासव. रत्नागिरीतल्या वेळासपासून खाली दक्षिणेपर्यंत ज्या वाळूत त्यांची अंडी जपली जातात, त्या माद्या याच पाण्यात असतात. समुद्रसापही श्वास घ्यायला वर येतो, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. तो अंगावर येत नाही, पण विषारी आहे. म्हणून हात पाण्यात सोडून बसण्याची सवय मोडावी.

निवतीच्या किल्ल्यावरून स्वच्छ हवेत समुद्रात खडकांचा पुंजका दिसतो, त्यावर दीपगृह आहे. हेच वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. ही पाकोळी गडद अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते आणि घरटं लाळेने बांधते. त्या लाळेच्या घरट्यांना परदेशात सूपासाठी मोठी किंमत आहे आणि त्यापायी इथली घरटी चोरीला जात होती. आपण खडकांवर उतरायचं नाही. गुहेच्या तोंडाशी होडी नेली तर पाकोळ्या बाहेर उसळतात आणि घरटी उघडी पडतात. शिवाय खडकाच्या जवळ लाट परतून येते आणि दोन्हीकडून हेलकावे बसतात. शंभर-दीडशे मीटरवरून सकाळी ये-जा छान दिसते. वर सुळक्यावर पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड बसलेला असेल तर तो काकण. समुद्रसाप हे त्याचं आवडतं खाणं. ब्राइडल्ड टर्न नावाचे सुरय पावसाळ्याच्या सुमारास या खडकांवर वीण करतात, तेव्हा तिथे होडी जातच नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडतं.

आर्क्टिक बघायला बोटीचं तिकीट काढणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तिकडचे कित्येक पक्षी ऑक्टोबर ते एप्रिल आपल्याकडेच असतात. किनाऱ्यापासून आत गेल्यावर पाण्यावर बुचासारखे हलके, करडे-पांढरे, डोळ्यावर काळा पट्टा असलेले छोटे पक्षी थव्याने तरंगताना दिसतात. ते रेड-नेक्ड फॅलारोप. टुंड्राच्या, म्हणजे तिकडच्या झाडं नसलेल्या गोठलेल्या माळांच्या, डबक्यांकाठी वीण करतात आणि हिवाळा अरबी समुद्रावर, जमिनीला पाय न लावता काढतात. पाण्यावर ते भोवऱ्यासारखे गरगर फिरतात. त्या फिरण्याने खालचे सूक्ष्म जीव वर ओढले जातात आणि चोचीने टिपता येतात. त्यांच्यात मादी रंगीत आणि अंडी नराने उबवायची, पण इथे आलेले सगळेच फिके असल्याने ते कळत नाही.

दुसरा पाहुणा स्कुआ, आपल्या समुद्रावर बहुतेक वेळा पोमरिन जातीचा. टुंड्रावर हा लेमिंग नावाचे उंदीर खातो, इथे येऊन सुरयांना लुटतो. मासा घेऊन चाललेल्या सुरयाच्या मागे लागतो, वळला तर वळतो, तो मासा टाकेपर्यंत सोडत नाही, आणि पडता मासा हवेतच उचलतो. लांबून ओळखायची खूण म्हणजे कुरवाएवढा पण गडद तपकिरी पक्षी, पंखाच्या टोकाशी पांढरा लखलखाट, आणि समोर जीव घेऊन पळणारा सुरय. बंदरावर ट्रॉलरमागे घिरट्या घालणाऱ्या कुरवांत जे मोठे, गडद पाठीचे, पिवळ्या पायांचे असतात, ते ह्यूग्लिन्स गल. तेही सायबेरियाच्या उत्तर टोकाकडचे. तपकिरी डोक्याचे कुरव मात्र लडाख-तिबेटकडून आलेले असतात.

होडी नको वाटत असेल तर किल्ला गाठावा. क्षितिज किती लांब, हे डोळ्याच्या उंचीवर ठरतं: उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की किलोमीटर येतात. होडीत डोळा दीड मीटरवर, म्हणजे क्षितिज जेमतेम ४ किलोमीटरवर. मोहीम-जहाजाच्या १५ मीटर उंच डेकवरून ते १४ किलोमीटरवर जातं. २० मीटर उंचीचा बुरूज मिळाला तर १६. विजयदुर्गाच्या तटावर तिपाईवर दुर्बीण ३० पटीला लावून सकाळी दोन तास बसलं, तर हलत्या जहाजापेक्षा जास्त नीट बघून होतं, आणि बोटही लागत नाही. वीस मिनिटांनी दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यावी, थकलेला डोळा समोरचं सोडून देतो.

भोगव्यासारख्या मोकळ्या पुळणीवर ओहोटीला लाटेच्या मागे धावणारे आणि लाट आली की उलटे पळणारे पांढुरके छोटे पक्षी म्हणजे सॅण्डरलिंग. ते तर उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळच्या भूमीवर वीण करतात. त्यांच्या मधून चालत जायचं नाही. वरच्या कोरड्या वाळूत बसून राहिलं की ते दहा-बारा मीटरवर येतात. सारखं उडावं लागलं तर परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी साठत नाही. कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांना हे सांगून बघावं, क्वचित ऐकतात.

मेअखेरीला होड्या वर ओढल्या जातात, १ जूनपासून मासेमारी बंद. तेव्हा बघायला समुद्रात जायचं नसतं, समुद्रच आणून टाकतो. दोन-तीन दिवस पश्चिमेचा वारा लागून राहिला की खोल समुद्रावरचे पक्षी दमून पुळणीवर पडलेले सापडतात: बूबी, नॉडी, शिअरवॉटर, कधी विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, जो चिमणीहून थोडा मोठा असून अंटार्क्टिकात वीण करतो. असा पक्षी दिसला तर त्याला परत पाण्यात फेकू नये, तो तिथूनच हरून आलेला असतो. चोच सांभाळत टॉवेलात उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावा. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाचा क्रमांक १९२६. डॉल्फिन किंवा कासव किनाऱ्याला लागलं तरी हाच. डॉल्फिन जिवंत असेल तर ओलं कापड टाकून सावली करावी, डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवावं आणि शेपटीला धरून ओढू नये.

परत आल्यावर दुर्बीण कोरड्या फडक्याने पुसायची नाही, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने भिजवलेलं मऊ फडकं, मग कोरडं. त्याच बैठकीत वही लिहून काढावी: निघाल्याची आणि परतल्याची वेळ, वारा, भरतीची स्थिती, कुठे काय दिसलं, किमान किती आणि कमाल किती. कळप मोजताना नेहमी दोन आकडे लिहावेत, एकच आकडा लिहिला की तो बहुतेक वेळा फुगलेला असतो. ही नोंद पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर किंवा सागरी सस्तन प्राण्यांची माहिती गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. चार तासांत काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं, वेळेसकट.